दोन कड्यांचं न्हाणीघर

गफूरभाऊंना पाणी दिलं की ते अर्धंच पीत. उरलेलं अर्धं जमिनीवर ओतत आणि उकिडवे बसून ते कुठे जातं ते बघत. कुणाची ओसरी असो, देवळाचं आवार असो की लग्नाचा मांडव, हा माणूस पाणी ओतायचा आणि बघत बसायचा. पाणी वाकडंतिकडं जाऊन मध्येच थांबलं की मान हलवून म्हणायचा, "पाहा, इथी झोपून राह्यलं." ती जमीन करणाऱ्या गवंड्याचं नाव ठाऊक असलं तर तेही त्याच दमात घ्यायचा, आणि त्या नावापुढे आणखी दोन शब्द लावायचा. ते मी लिहीत नाही.

आमच्या ओसरीवर ते पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना पितळेच्या पेल्यात पाणी दिलं. तो पेला वेगळा होता. परक्या जातीधर्माच्या माणसांसाठी म्हणून ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला. तशी रीत होती आणि आम्ही ती पाळत होतो, खोटं कशाला सांगू. गफूरभाऊ अर्धं पाणी प्यायले आणि अर्धं त्यांनी आमच्या नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर ओतलं. सासूबाईंना वाटलं, वेगळ्या पेल्याचा राग आला. त्या दाराआड येऊन मला म्हणाल्या, "काऊन वं, हा मानूस पानी सांडून राह्यला. भांडाले आला का?" मी फटीतून पाहिलं. तो माणूस आमच्या ओसरीच्या उताराकडे बघून स्वतःशीच हसत होता.

ही गोष्ट पोंभुर्ण्याची. तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्यातच होती. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, गावात सरकारी दवाखाना बांधला जात होता, आणि त्याची फरशी घालायला गफूरभाऊ चांद्याहून आले होते. उंच, हडकुळा माणूस. दाढीत कायम चुना उडालेला, त्यामुळे दाढी किती पांढरी झाली आणि चुना किती, ते काही कळायचं नाही. दवाखाना आमच्या घरासमोरच, म्हणून दुपारची भाकर ते आमच्या ओसरीवर बसून खात.

आमचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढे दोन खोल्या आणि मागे दोन. सासरे वारले होते. माझे यजमान आलापल्लीला सागाच्या डेपोत कारकून होते, महिन्यातून एकदा घरी येत. म्हणजे घरात आम्ही दोघीच. यजमानांचं म्हणणं असं की छप्पर गळतं, दोन बायका एकट्या राहतात, तर घर शेजारच्या काकाजींना विकावं आणि सगळ्यांनी आलापल्लीच्या क्वार्टरमध्ये राहावं. काकाजी म्हणजे त्यांचे सख्खे काका. आमच्या घरावर त्यांचा डोळा जुनाच होता. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "म्या लगन होऊन आली तवा इथी नुसते खुंट उभे होते. या भिंती म्या लिपल्या. मी कुठी जात नाई." शेवटी यजमानांनी तोड काढली. पुढच्या दोन खोल्यांना चांगला भाडेकरू मिळाला, म्हणजे सोबतही झाली आणि भाड्यातून छप्पर फेरायची, फुटके कवेलू बदलायची सोयही झाली, तर घर ठेवायचं. नाही मिळाला तर दिवाळीला काकाजींना देऊन मोकळं व्हायचं. त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला सासूबाई बसायला सतरंजी टाकू लागल्या.

आणि भाडेकरू चालून आला. दवाखान्यावर नेमलेल्या नर्सबाई अमरावतीकडून आल्या, तिशीच्या, ताठ मानेच्या, हातात काळी छत्री. आमच्या पुढच्या खोल्या त्यांना आवडल्या. खिडकीतून दवाखाना दिसतो म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "न्हाणीघर कुठं आहे?"

सासूबाईंनी त्यांना मागच्या अंगणात नेऊन चिंचेखालचा आमचा आडोसा दाखवला. तीन बाजूंना बांबूचे विणलेले तट्टे, चौथ्या बाजूला केळी आणि वर आभाळ. एका तट्ट्याला शेळीने भोक पाडलेलं. नर्सबाईंनी ते भोक पाहिलं, पलीकडून जाणारी वाट पाहिली आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "इथं मला जमणार नाही हो. सध्या मी मास्तरांच्या घरी राहते. दसऱ्यापर्यंत न्हाणीघर असलेलं घर मिळालं तर ठीक, नाहीतर बदली मागून घेईन."

न्हाणीघर असलेलं घर पोंभुर्ण्यात एकही नव्हतं. बायका उजाडायच्या आत नाल्यावर किंवा अशाच आडोशात लुगड्यासकट अंग ओलं करून घेत. वाटेवर कुणी खाकरलं की खाली बसायचं, तो गेला की उठायचं, आणि ओल्यावर कोरडं गुंडाळून पळायचं. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत मी एकदाही पाठ नीट चोळली नव्हती. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या वयात मला तिचं रडू येई.

गफूरभाऊ ओसरीवर भाकर खाताना हे सगळं ऐकत होते. नर्सबाई गेल्यावर ते म्हणाले, "बाई, न्हाणीघर बांधून टाका. मी करून देतो."

"आंग धुवाले खोली?" सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?"

"धानाले कोठी हाये तुमच्या घरी. म्हशीले गोठा हाये. सरपनाले बी छप्पर हाये." गफूरभाऊंनी भाकरीचा तुकडा तोडला. "तुमच्यासाठी काऊन नाई?"

त्या दिवशी संध्याकाळी म्हैस दोहताना सासूबाई गोठ्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसल्या. दोन दिवसांनी त्यांनी मला माळ्यावर चढवलं आणि सागाच्या फळ्या खाली काढायला लावल्या. सासऱ्यांनी देव्हारा करायचा म्हणून परवान्यावर आणून ठेवलेल्या त्या फळ्या होत्या. न्हाणीचं दार त्यांचं करायचं ठरलं. काकाजींना कळताच ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, देव्हाऱ्याचा साग मोरीले लावता?"

"देव काई उघड्यावर आंग धुवाले लाजत नाई," सासूबाई म्हणाल्या. "मले लाज वाटते."

पोळा झाल्यावर काम सुरू झालं. गफूरभाऊंची कामाची रीत पाहून आम्हाला पहिल्याच दिवशी घाम फुटला. त्यांनी अंगणात चुन्याने चौकोन आखला, मधोमध पाट ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "बसा बाई. हातात तांब्या घ्या. आता डोक्यावर पानी टाकून राह्यल्यासारखं करा."

सासूबाई भर अंगणात, नऊवारी लुगडं नेसून, रिकामा तांब्या डोक्यावर ओतत बसल्या. एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. गफूरभाऊ त्यांच्या कोपराभोवती दोरी धरून मापं घेत होते. कुंपणावरून काकाजींच्या घरच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. "कोपर भितीले लागलं नाई पाहिजे," गफूरभाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले. "चोरून आंग धुतल्यासारखं होते मंग." चौकोन चारही बाजूंनी वीतभर वाढला.

चुना ते स्वतः मळत. चाळलेली रेती, बेलाचा गर आणि गूळ. मी तेव्हा परक्या पुरुषाशी बोलत नसे. गूळ मी दाराआडून सासूबाईंच्या हाती देई आणि तो कमी वाटला की गफूरभाऊ माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणत, "सूनबाईले सांगा, च्यात नाई टाकाचा, भितीत टाकाचा हाये." भिंती उभ्या राहिल्या आणि हस्ताचा पाऊस लागला. गिलावा वाळेना. काकाजी रोज सकाळी येऊन ओल्या भिंतीला बोट लावून बघत आणि म्हणत, "मिस्त्री, दसरा जवळ येऊन राह्यला."

"चुन्याले पंचांग समजत नाई, काकाजी," गफूरभाऊ थापी चालवत म्हणत.

फरशी बसल्यावर त्यांनी कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही दोघी दाराशी उभ्या. पाणी सरळ धार धरून मोरीच्या भोकाकडे गेलं, बाहेर केळींत पडलं. आमच्या मते काम झालं होतं. पण एका कडेला रुपयाएवढं पाणी मागे राहिलं होतं. गफूरभाऊ त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले, मग छन्नी घेतली आणि तो कोपरा उखडला. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ, तेवढ्याशा पान्यानं काय होते?" ते म्हणाले, "तुम्हाले नाई दिसनार. मले घरी गेल्यावर बी दिसते ते." यात दोन दिवस गेले. दसरा दोन दिवसांवर आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नर्सबाईंना बोलावलं. काकाजीही आले, न बोलावता. चुन्याच्या घोटलेल्या भिंती चकाकत होत्या, वर कवेलू, उंचावर झरोका, कोनाडा, खुंट्या, आणि देव्हाऱ्याच्या सागाचं ते जड दार. नर्सबाईंचा चेहरा खुलला. त्या आत गेल्या, दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर उभे. तेवढ्यात ते दार हळूहळू आपोआप उघडलं आणि नर्सबाई तशाच आत उभ्या दिसल्या.

"आतून कडी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

कडी होती. छान, जाड, लोहाराकडून घडवून आणलेली. पण बाहेरून. आमच्याकडे घराच्या मोठ्या दाराला तेवढा आतून अडसर असे. बाकी सगळ्या खोल्यांना बाहेरून कडी, कारण खोली लावायची ती शेळी, मांजर आणि माकडं आत शिरू नयेत म्हणून. आत माणूस असताना खोली लावायची ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मी तर महिनाभर त्या खोलीची स्वप्नं बघत होते. स्वप्नात पाणी होतं, वर छप्पर होतं, कडी मात्र माझ्याही स्वप्नात नव्हती.

काकाजी मोठ्याने हसले. "म्हंजे बाईले आत घालाचं आन् बाहेरून कोंडाचं का, मिस्त्री?"

गफूरभाऊंनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "जंगलातल्या साहेबाच्या बंगल्याची न्हाणी म्या केली," ते म्हणाले. "तिथले दरवाजे नागपुराहून तयार आले होते. म्या सारी फरशीच पाह्यली. दरवाज्याकडे पाह्यलंच नाई." मग नर्सबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, चुकलो. उद्या सकाळपर्यंत वेळ द्या मले."

"उद्या सकाळी येते," नर्सबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात होकार किती आणि नकार किती हे काही कळलं नाही.

त्या गेल्यावर गफूरभाऊ पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, जमिनीकडे बघत. "सूनबाई, कोळसा घ्या. आत जा, दरवाजा लोटून घ्या. जिथी हात जाते तिथी खूण करा. आम्ही पाठ करून उभे राहतो." आणि खरंच ते पाठ करून उभे राहिले. काकाजींनाही खांद्याला धरून वळवलं.

मी आत गेले. दाराला पाठ लावून उभी राहिले. चुन्याचा आणि गुळाचा वास येत होता आणि झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडला होता. मी वळले आणि टाचा उंचावून जितका वर जाईल तितका हात वर नेला आणि तिथे खूण केली. कडी जितकी उंच तितकी पक्की, असं मला वाटलं असावं. मग सासूबाई आत गेल्या. त्यांची खूण माझ्या कमरेच्याही खाली होती. जन्मभर चिखलात वाकून धान रोवलेली पाठ, ती कधीच सरळ व्हायची नव्हती.

गफूरभाऊंनी दोन्ही खुणा पाहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "सुनेच्या खुनेवर लावा, भाऊ. माझं काय, आज हाये उद्या नाई."

"आज हाये ना?" गफूरभाऊ म्हणाले. "मंग लागते."

सूर्य मावळायच्या आत लोहाराकडून दोन नव्या कड्या आल्या आणि दाराला आतून बसल्या, एक वर, एक खाली.

दसऱ्याच्या सकाळी नर्सबाई आल्या तेव्हा सासूबाई नुकत्याच ऊन पाण्याची बादली घेऊन आत गेल्या होत्या. पाणी पाहायचंय म्हणून गफूरभाऊंनीच त्यांना धाडलं होतं. खालची कडी लागल्याचा आवाज आला. गफूरभाऊ मागे जाऊन मोरीच्या भोकासमोर, केळींपाशी उकिडवे बसले. पाणी येईना. आम्ही वाट बघितली. काकाजी सोनं द्यायला आले होते, तेही थांबले. पाणी येईना. मी दाराशी जाऊन विचारलं, "आत्याबाई, बरं हाये ना?"

आतून सावकाश आवाज आला, "मले काई घाई नाई."

नर्सबाई हसायला लागल्या. त्या पहिल्यांदाच आमच्यासमोर हसल्या. मग केव्हातरी तांब्याचा आवाज झाला, पुन्हा झाला, आणि पाण्याची सरळ धार भोकातून बाहेर पडली. गफूरभाऊ म्हणाले, "आलं." एवढंच. आणि फडक्याने डोळे पुसले. त्या क्षणी मला त्या खोलीचा, त्या माणसाचा आणि आत बसलेल्या माझ्या सासूचा इतका अभिमान वाटला, की पुढे माझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही तेवढा वाटला नाही.

नर्सबाईंनी दुपारीच सामान आणलं. संध्याकाळी काकाजी म्हणाले, "वहिनी, आता घराची किंमत वाढली. मी बी वाढवून देतो." सासूबाईंचे केस अजून ओले होते. त्या म्हणाल्या, "किंमत वाढली ते मले बी दिसून राह्यलं. म्हनूनच देत नाई."

गफूरभाऊंचा पेला मात्र सासूबाईंनी कधी कोनाड्यातून आत आणला नाही. तेवढं त्यांना जमलं नाही. पण त्या दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने गफूरभाऊंना आपट्याची पानं दिली, पेला भरून दिला, आणि ते अर्धं पिऊन थांबले तेव्हा म्हणाल्या, "ओता भाऊ, उरलेलं ओता."

नर्सबाई आमच्याकडे अकरा वर्षं राहिल्या. आमची न्हाणी बघायला पहिले कित्येक महिने बायका येत. आत जाऊन कडी लावत, काढत, पुन्हा लावत. दुसऱ्या वर्षी काकाजींनी न्हाणी बांधायला गफूरभाऊंनाच बोलावलं, आणि कोपर मोजायला काकूला पाटावर बसवलं तेव्हा कुंपणावरून आम्ही दोघी बघत होतो. बाजाराच्या दिवशी गफूरभाऊ लांबलांबच्या गावचे लोक आमच्याकडे घेऊन येत, पाणी ओतून दाखवत आणि म्हणत, "दोन कड्या लागतीन. एक कडीची न्हाणी मी करत नाई." कुणी कारण विचारलं तर म्हणत, "घरात एकच मानूस हाये का?"

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चांद्याला, त्यांच्या घरी, पुष्कळ वर्षांनी. खाटेवर पडून होते. दाढी आता खरोखरच पांढरी होती, चुना नव्हता. मी पाणी पाजलं. अर्ध्यावर त्यांनी ओठ मिटले आणि पेला माझ्याकडे सरकवला. "सूनबाई, तुम्हीच ओता." मी खाटेपाशी पाणी ओतलं. ते खाटेखाली जाऊन थबकलं. मी म्हटलं, "सरळ गेलं, भाऊ."

"खोटं," ते डोळे मिटूनच म्हणाले. "आवाजावरून समजते मले. झोपून राह्यलं." आणि हसले. त्याच पावसाळ्यात ते गेले.

सासूबाई गेल्या त्या आमच्याच घरात, स्वतः लिपलेल्या भिंतींच्या आत. आता माझा मुलगा ऊर्जानगरला वीजकेंद्रात नोकरीला आहे आणि त्याने ते घर पाडून सिमेंटचं बांधलं आहे. न्हाणीत रंगीत फरश्या आहेत, गरम पाण्याचा नळ आहे. मी एकच हट्ट धरला, दार तेच ठेवायचं. बांधणारा तरुण ठेकेदार म्हणाला, "आजी, खालची कडी काढून टाकू का? उगाच दिसते." मी राहू दे म्हटलं.

मागच्या महिन्यात मी आंघोळीला आत गेले, दार लोटलं आणि नेहमीसारखा हात वर नेला. तो कडीपर्यंत पोचला नाही. टाचा उंचावून पाहिल्या, तरी नाही. मग हात आपसूक खाली आला आणि आत्याबाईंच्या खुणेवर थांबला. कडी लागली. मी पाटावर कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिले. बाहेरून सून विचारत होती, "आई, बरं आहे ना?"

मी म्हटलं, "मले काई घाई नाई."